महदाइसा : चरित्र आणि धवळे

पंथातील काव्यवाङ्मयाची गणना करताना साती ग्रंथ असा शब्दप्रयोग रूढ आहे. रुक्मिणीस्वयंवर, शिशुपालवध, उद्धवगीता, वच्छाहरण, ज्ञानप्रबोध, सह्याद्रिवर्णन आणि ऋद्धिपूरवर्णन ही सात नावे आश्रमातील बाल विद्यार्थ्यासही मुखोद्गत असतात. या सातांत महदाइसांचे धवळे नाहीत. विद्यार्थिदशेत असताना ही गोष्ट आमच्या ध्यानीही आली नव्हती. साती ग्रंथांचे पाठ आम्ही गुरुवर्यांपाशी बसून घेतले. धवळे मात्र कानी पडले ते आश्रमातील वृद्ध तपस्विनी बायांच्या मुखातून. त्या धान्य निवडीत असत आणि एकीने चरण धरला की दुसरी तो पुढे नेत असे. पोथी समोर नसे. त्यामुळे धवळे म्हणजे बायकांची गाणी, लग्नातील गोड गाणी, एवढाच ग्रह मनात होऊन बसला. तो ग्रह दूर व्हावयास बरीच वर्षे लागली आणि लीळाचरित्राचे पुनःपुन्हा वाचन करावे लागले. ज्या माऊलीने हे धवळे गाइले तिचे चरित्र नीट पाहिल्यावाचून हे गान केवळ गाणे आहे की ज्ञानाचे एक अंग आहे, याचा निर्णय होत नाही.

महदाइसा, महदंबा, रूपाइसा अशा नावांनी त्या पंथीय वाङ्मयात ओळखल्या जातात. आचार्य श्रीनागदेव म्हणजे आपले भटोबास यांच्या त्या चुलत भगिनी. घराणे गोदाकाठचे, विद्येचा वारसा असलेले. लहान वयातच त्यांना वैधव्य आले. त्या काळी बालविधवेच्या वाट्याला काय येत असे ते विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. घरातील कामाला हात लावावा, व्रतेवैकल्ये करावी, तीर्थे पाहावी आणि मंगलकार्याच्या वेळी मागल्या पडवीत बसावे, असा तो क्रम. शास्त्राचे दार बंद आणि लग्नाच्या मांडवाचेही दार बंद. यातील दुसरे दार पुढे कसे उघडले हा या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आहे. पण आधी पहिल्याचे पाहू.

प्रथम त्या रामदेव दादोसांच्या शिष्या होत्या. दादोसांच्याच संबंधाने त्यांना सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे दर्शन घडले आणि तेथून त्यांची वाट बदलली. आधीच्या गुरूला सोडणे ही गोष्ट सोपी नसते. पुढे दादोसांच्या मनात जे आले आणि जे घडले ते लीळाचरित्रात आहेच. महदाइसांना मात्र आपल्या निवडीचा पश्चात्ताप झाल्याचे कोठे दिसत नाही. आबाइसा, उमाइसा, साधा, बाइसा अशा स्त्रिया स्वामींच्या सन्निधानी होत्या. स्वामींनी स्त्रीला विद्येचा आणि अनुसरणाचा अधिकार पुरुषाच्या बरोबरीने दिला, विटाळाची कल्पना बाजूस सारली, हे सर्वांस विदित आहे. परंतु अधिकार मिळणे वेगळे आणि तो अधिकार बजावणे वेगळे. महदाइसांनी तो बजावला तो प्रश्न विचारून.

लीळाचरित्र उघडावे आणि महदाइसांचे नाव कोठे कोठे येते ते पाहत जावे. त्या सेवा करतात, उपहार आणतात, रुसतातही. पण सर्वांत अधिक काही करीत असतील तर विचारतात. स्वामींनी एखादा शब्द उच्चारला की त्याचा अर्थ काय. एखादे स्थान दाखविले की तेथे पूर्वी काय घडले. अमुक केले तर जीवाला काय घडते आणि न केले तर काय अंतरते. उत्तर मिळाले तरी समाधान होईतो त्या थांबत नाहीत. स्वामींनीही त्यांच्या या स्वभावाची दखल घेऊन त्यांना चर्चक ठरविले. हा शब्द कौतुकाचा आहे, पण त्यात किंचित थट्टाही आहे असे आम्हास वाटते. थट्टा आपल्या माणसाचीच होते.

या प्रश्नांचे मोल पुढे कळले. केशोबासांनी लीळांतून सर्वज्ञांची वचने वेचून सूत्रपाठ सिद्ध केला. आपण पाठ म्हणतो तेव्हा सूत्र तेवढे मुखी असते. ते सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून आणि कोणत्या शंकेवर निघाले हे प्रकरणवशातून समजते. तेथे पाहिले म्हणजे अनेक ठिकाणी महदाइसा पुढे बसलेल्या आढळतात. प्रश्न नसता तर ते वचनही त्या रूपाने आपल्यापर्यंत आले नसते. म्हणून महदाइसांना केवळ श्रोत्री म्हणणे अपुरे आहे. सूत्राच्या उत्पत्तीत त्यांचा वाटा आहे, हे आमच्या अभ्यासवर्गात जितके सांगितले जावयास हवे तितके सांगितले जात नाही.

शके 1196 (इ. स. 1274) च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. मागे राहिलेल्या शिष्यांची अवस्था काय झाली असेल! स्वामींनी त्यांना आधीच श्रीप्रभूंच्या ठिकाणी, म्हणजे ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी जाण्याची आज्ञा केली होती. त्याप्रमाणे भटोबास, महदाइसा आणि इतर मंडळी वऱ्हाडात आली. आज अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात असलेले हे क्षेत्र तेव्हापासून पंथाचे हृदय झाले. म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या त्या येथेच, वाजेश्वरीच्या एकांतात. आणि त्या सांगणाऱ्यांतही महदाइसा होत्या. जे प्रश्न त्यांनी गोदाकाठी विचारले होते त्यांची उत्तरे त्यांनी येथे स्मरणातून काढून दिली. प्रश्न विचारणाऱ्याच्या स्मरणात उत्तर अधिक काळ राहते, हा अनुभव शिकविणाऱ्या प्रत्येकाला असतो.

ऋद्धिपुरात मात्र एक नवी अडचण होती. स्वामी उत्तर देत; श्रीप्रभू उत्तर देत नसत. त्यांचा आचार लोकांना वेडा दिसे. ते कोणाच्याही घरात शिरत, मुलांत खेळत, मनास येईल ते मागत, रागावत, हसत. अडलेल्या बाळंतिणीला त्यांचा आधार वाटे, वाटेवरच्या अंत्यजाला वाटे. सगळे गाव त्यांना माय आणि बाप मानी. शब्दाचा अर्थ विचारणाऱ्या महदाइसांना येथे शब्दच हाती लागत नव्हता. जे होते ती चेष्टा होती, क्रीडा होती. आपल्या शास्त्रात नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा यांचे स्मरण सांगितले आहे. स्वामींपाशी त्यांना वचनाचा लाभ झाला, श्रीप्रभूंपाशी चेष्टेचा. चर्चकाला हे दुसरे साधणे कठीण जाते. महदाइसांना ते कसे साधले याचे उत्तर धवळ्यांत आहे.

प्रसंग असा. एकदा श्रीप्रभूंनी आपले लग्न मांडावे अशी प्रवृत्ती स्वीकारली. लीळाच ती, भक्तजनांनी मोठ्या हौसेने तयारी केली. लग्न म्हटले की धवळे आले. धवळा म्हणजे वराला उद्देशून गावयाचे मंगल गीत. हा प्रकार जुना आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवांनी संगीतरत्नाकरात धवल, मंगल आणि ओवी यांची नावे लागून लागून दिली आहेत. म्हणजे शास्त्रकारांच्या कानापर्यंत हे लोकगान पोहोचले होते. ते गावयाचे कोणी? रूढीप्रमाणे सुवासिनींनी. विधवेने तेथे उभेही राहू नये असा लोकाचार. श्रीप्रभूंनी आज्ञा केली ती महदाइसांना.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. उत्स्फूर्त काव्याचा नमुना म्हणून हा प्रसंग वाङ्मयाच्या इतिहासात सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु त्यातील खरा विशेष आमच्या मते वेगळा आहे. जिने आयुष्यात मांडवाच्या बाहेर बसावे असे लोकांनी ठरविले होते, तिला परमेश्वरावताराने मांडवाच्या मध्यभागी बोलावून मंगल गावयास सांगितले. स्वामींनी जे वचनाने शिकविले होते, की देहधर्मावरून आणि लोकाचारावरून जीवाची योग्यता ठरत नाही, तेच श्रीप्रभूंनी एका चेष्टेने करून दाखविले. त्या चेष्टेचा अर्थ सांगणारा पंडित तेथे कोणी नव्हता. अर्थ सांगितला तो महदाइसांनी, गाऊन.

त्यांनी विषय घेतला तो श्रीकृष्ण आणि रुक्मिणी यांच्या विवाहाचा. ही निवड सहज वाटते, पण तीत सिद्धान्त आहे. श्रीकृष्णचक्रवर्ती, श्रीदत्तात्रेयप्रभू, श्रीचक्रपाणिप्रभू, श्रीगोविंदप्रभू आणि श्रीचक्रधरप्रभू हे पाचही एकाच परमेश्वराचे अवतार, हा आपला मूळ निश्चय. समोर उभा असलेला वर श्रीप्रभू. गीतातील वर श्रीकृष्ण. महदाइसा द्वारकेच्या वराला गातात तेव्हा त्या ऋद्धिपूरच्या वरालाच गात असतात. पंचकृष्णांच्या ऐक्यावर दहा पाने लिहून जे विद्यार्थ्याच्या गळी उतरत नाही, ते येथे एका लग्नगीतात उतरले आहे. शिवाय रुक्मिणीचे माहेर कौंडिण्यपूर. वर्धा नदीच्या काठचे ते गाव ऋद्धिपुरापासून काही फार दूर नव्हे. वऱ्हाडातील स्त्रियांना रुक्मिणी ही आपलीच माहेरवाशीण वाटत आली आहे. कथा भागवताच्या दशमस्कंधातील असली तरी धवळ्यांतील भीमकाचे घर हे वऱ्हाडातील घर आहे.

परंपरेने हा काळ शके 1209 (इ. स. 1287) च्या सुमाराचा मानला जातो. धवळ्यांची एकूण संख्या दीडशेच्या आसपास आहे. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे त्यांचे दोन भाग पडतात. पूर्वार्ध श्रीप्रभूंच्या समक्ष गाइलेला. रचना साधी, यमकबद्ध, एका श्वासात म्हणता येण्याजोगी. रुक्मिणीची उत्कंठा, भावाचा हट्ट, शिशुपालाशी ठरविलेले लग्न, ब्राह्मणाहाती धाडलेला निरोप, अंबिकेचे देऊळ, हरण, युद्ध आणि मग विवाहसोहळा हा कथाभाग सर्वांच्या परिचयाचा आहे, म्हणून तो येथे पुन्हा सांगत नाही. लक्ष द्यावयाचे ते कवयित्रीच्या दृष्टीकडे. रुक्मिणीने ज्याला पाहिलेले नाही त्याला केवळ गुणश्रवणाने वरले आहे. आणि एकदा वरल्यावर आप्त, राजसत्ता, लोकलाज यांतील कशाचाही निर्बंध ती मानीत नाही. अनुसरण म्हणजे आणखी काय असते? परमेश्वराविषयी ऐकावे, ऐकून वेध लागावा, वेध लागल्यावर स्वदेश आणि स्वसंबंध सुटावेत, हाच तर क्रम स्वामींनी साधकाला सांगितला. महदाइसांनी तो उपदेशाच्या भाषेत सांगितला नाही. रुक्मिणी देवळाकडे चालू लागते तेव्हा ऐकणाऱ्या बाईला फक्त नवरी दिसते. विचारशास्त्र जाणणाऱ्याला अनुसरणारा जीव दिसतो. दोघांचेही ऐकणे खोटे नाही, ही या रचनेची थोरवी.

पंथात काव्याविषयी पुढे वाद झालेले आहेत आणि ते झाले हे बरेच झाले. नरेंद्र कवींनी रुक्मिणीस्वयंवर रचले. रामदेवराव यादवांना ते इतके आवडले की धन देऊन त्यावर आपली नाममुद्रा घालावी असे त्यांच्या मनात आले. कवींनी नकार दिला. जे काव्य श्रीकृष्णाला वाहिले ते राजाला विकावयाचे नाही, हा बाणा स्मृतिस्थळात नोंदलेला आहे. दुसरी गोष्ट भास्करभट्ट बोरीकर यांची. त्यांनी शिशुपालवध सिद्ध करून बाइदेवबासांना दाखविला. ग्रंथ उत्तम आहे पण त्यात शृंगार आहे, निवृत्तांच्या उपयोगाचा नाही, असा अभिप्राय ज्येष्ठ गुरुबंधूंनी दिला. भास्करभट्टांनी तो शिरोधार्य मानून उद्धवगीता रचली. आज दोन्ही ग्रंथ आपण सातांत धरतो, म्हणजे निवाडा दोघांच्याही बाजूने लागला असे म्हणावयास हरकत नाही! परंतु या आक्षेपामागील प्रश्न खोटा नव्हता. ज्याने सर्व सोडले त्याला काव्याचे काय प्रयोजन? अलंकाराच्या मोहात स्मरण निसटले तर?

महदाइसांच्या धवळ्यांना आम्ही या प्रश्नाचे आधीच दिलेले उत्तर मानतो. विषय विवाहाचा, म्हणजे शृंगाराला पूर्ण वाव. तरी चित्त शृंगारात अडकत नाही. याचे कारण संयम हे नव्हे. कारण असे, की गाणाऱ्याची दृष्टी शब्दावर नाही, समोरच्या मूर्तीवर आहे. नरेंद्र कवींची प्रतिभा श्रेष्ठ यात शंका नाही. त्यांची वर्णने वाचताना आपण वर्णनापाशी थांबतो. धवळ्यांत थांबावे असे वर्णन थोडे आणि पुढे चालण्याची ओढ अधिक. काही टीकाकारांनी यास काव्यदृष्ट्या उणीव म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. स्मरणाच्या दृष्टीने तो गुण आहे, एवढेच आमचे म्हणणे.

आणखी एक गोष्ट भाषेची. स्मृतिस्थळात असे नोंदले आहे, की केशोबास संस्कृतात ग्रंथरचना करू पाहत असता भटोबासांनी त्यांना थांबविले, कारण त्यामुळे आपल्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील. या वचनातील वृद्ध स्त्रिया कोण, असे विचारले तर आमच्या डोळ्यांपुढे प्रथम महदाइसाच येतात. मात्र त्यांना आपण केवळ अनुकंपेचा विषय करू नये. मराठीत ज्ञान उतरवावे ते ज्यांच्यासाठी, त्यांच्यापैकीच एकीने मराठीत ज्ञान गाऊन दाखविले होते. भटोबासांना ते ठाऊक होते. आज त्याच ऋद्धिपुरात मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे. तेथील वर्गांत आद्य कवयित्री म्हणून महदंबेचे नाव घेतले जाईल. त्या नावाच्या आधी चर्चक हे विशेषणही घेतले जावे अशी आमची इच्छा आहे.

धवळ्यांखेरीज मातृकी रुक्मिणीस्वयंवर आणि गर्भकाण्ड ओव्या या रचनाही महदाइसांच्या नावे आहेत. मातृकीत वर्णमालेच्या क्रमाने कथा गुंफलेली आहे. अक्षरे गिरविणाऱ्याला अक्षराबरोबर लीळा आठवावी, अशी ती योजना असावी. ज्यांनी बालपणी ती पाठ केली त्यांना तिचा उपयोग सांगावयास नको.

हे वाङ्मय पुढे दीर्घ काळ लोकांपासून दूर राहिले. चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीचे राज्य बुडाले. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली आणि मंडळींनी स्मरणाने ती पुन्हा सिद्ध केली. पुढे पोथ्या सकळ लिपीत गेल्या आणि शतकानुशतके तेथेच राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे यांनी लिपीचा उलगडा केला, नंतर वि. ल. भावे, य. खु. देशपांडे इत्यादी अभ्यासकांच्या परिश्रमाने धवळे छापून सर्वांच्या हाती आले. त्यापूर्वी ते कोणी जपले असा प्रश्न केला तर पोथीकारांच्या जोडीला त्या धान्य निवडणाऱ्या बायांचे नाव घ्यावे लागेल. आमच्या आश्रमातील ज्या वृद्ध तपस्विनींचा आरंभी उल्लेख केला त्यांना छापील पुस्तक दाखविले तेव्हा त्यांनी ते मस्तकी लावले आणि बाजूस ठेवून दिले. एका चरणातील छपाईची चूक मात्र त्यांनी ऐकताक्षणीच सांगितली.

उत्तरार्धाविषयी थोडे सांगावयाचे राहिले. श्रीप्रभूंनी देह ठेवल्यावर मंडळी ऋद्धिपुराहून पुन्हा गोदावरीच्या प्रदेशात आली. भटोबास शके 1224 (इ. स. 1302) पर्यंत पंथाचे आचार्यपद सांभाळीत होते आणि त्या मंडळींत महदाइसांचा शब्द वडीलधाऱ्या बाईचा म्हणून मानला जात असे. रुक्मिणीचे लग्न पूर्वार्धात अर्धेच राहिले होते. ते त्यांनी नंतर पूर्ण केले. या वेळी समोर वर उभा नव्हता, मांडव नव्हता, गा म्हणून आज्ञा करणारे कोणी नव्हते. ऋद्धिपुरात मूर्ती पाहून गाइले; आता स्मरणाने गावयाचे होते. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांच्या भाषेतील अंतर अभ्यासकांनी दाखविले आहे, ते असेल. पण ज्या वराला महदाइसा गात होत्या तो दोन्ही भागांत एकच आहे, आणि उत्तरार्धातही लग्न लागते.